गोळी पुढच्यासाठी राखून ठेवू का?

प्रश्न : एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३९, एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी, घरी नवरा आणि अकरा वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर समजून आठ महिने शेक आणि व्यायाम झाले. मग सही लहान लहान होत गेली, चालताना उजवा हात हलेनासा झाला, सकाळी उठलं की उजव्या पायाची बोटं आत वळून आवळली जाऊ लागली. शेवटी न्यूरोलॉजिस्टनी पार्किन्सन्सचं निदान केलं, त्याला चौदा महिने झाले. सध्या प्रामिपेक्सोल चालू आहे. डॉक्टर आता लेव्होडोपा सुरू करू म्हणतात, पण ताईंनी ऐकलंय की ही गोळी पाचच वर्षं काम करते. "साठीत आजार झालेल्याचं पाच वर्षांत भागेल, मला अजून चाळीस वर्षं काढायची आहेत. म्हणून होईल तेवढं लांबवायचं ठरवलंय," असं त्या लिहितात. नवऱ्याखेरीज कुणालाही काही माहीत नाही. मीटिंगला त्या सगळ्यांच्या आधी जातात आणि उजवा हात टेबलाखाली राहील अशी खुर्ची धरतात. मुलीने परवा विचारलं, "आई, चालताना तुझा हा हात झोपलेला असतो का?" पत्राच्या अगदी शेवटी त्या लिहितात की झोप उडाली आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर काहीबाही मागवलं जातं, न उघडलेली खोकी कपाटात नवऱ्यापासून लपवली आहेत, "एवढी उधळी मी कधीच नव्हते." त्यांचे प्रश्न दोन : गोळी लांबवण्याचा निर्णय बरोबर आहे ना? आणि मुलीला न सांगता किती वर्षं निभावता येईल?

उत्तर :

ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी त्या खोक्यांबद्दल बोलू. त्यात दिवस घालवून चालणार नाही.

तुम्ही ते जाता जाता लिहिलंत आणि स्वतःला उधळी म्हणून मोकळ्या झालात. प्रामिपेक्सोल हे डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट गटातलं औषध आहे, रोपिनिरोलही त्यातलंच. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामाइन हे निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं आणि ही औषधं त्याचं काम अंगावर घेतात. पण डोपामाइनवर फक्त हातापायांची हालचाल चालत नाही. एखादी वस्तू हवीशी वाटणं, मिळाल्यावर क्षणभर बरं वाटणं, लगेच दुसरी हवी होणं, हे चक्रही त्याच्यावरच फिरतं. म्हणून ही औषधं घेणाऱ्या काही जणांना खरेदीचा, जुगाराचा, खाण्याचा किंवा लैंगिक गोष्टींचा न आवरणारा ओढा लागतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या तीन हजारांवर रुग्णांची पाहणी झाली. या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना असा काही ना काही ओढा होता, न घेणाऱ्यांत हेच प्रमाण ७ टक्के होतं. कमी वयाच्या रुग्णांना धोका जास्त असतो, हेही त्यात दिसलं.

तुमच्या बाबतीत हेच घडतंय का, ते डॉक्टरच ठरवतील. जागरण आणि काळजी यांनीही माणूस मोबाइलला चिकटतो. पण औषध सुरू झाल्यानंतर सवय लागली असेल, तर ती स्वभावाच्या खात्यावर टाकू नका. उद्याच डॉक्टरांना फोन करा आणि "खरेदी आवरत नाही" हे याच शब्दांत सांगा. लाजेमुळे रुग्ण हे बोलत नाहीत आणि दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांचंही विचारायचं राहून जातं. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हे औषध एकदम तोडलं तर घबराट, घाम आणि खोल निराशा येऊ शकते, ते पायरीपायरीनेच उतरवावं लागतं. तोवर मोबाइलमध्ये साठवलेली कार्डाची माहिती काढून टाका आणि पैशांचे व्यवहार थोडे दिवस नवऱ्याकडे द्या. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या बाईला हे किती लागेल, याची मला कल्पना आहे. तरीही आज रात्री त्यांच्यासमोर ते कपाट उघडा.

आता लेव्होडोपा. प्रामिपेक्सोल कमी करायची वेळ आली, तर त्याच्या जागी बहुधा लेव्होडोपाच येईल, म्हणून तुमचा निर्णय आजच तपासून घेऊ.

तुम्ही हिशेब मांडलाय : गोळीची पाच वर्षं, आयुष्याची चाळीस, तेव्हा गोळी जितकी उशिरा तितकी बरी. बेरीज-वजाबाकी चोख आहे, पण पहिला आकडाच चुकीचा आहे. लेव्होडोपा पाच वर्षांनी निकामी होत नाही. वीस-वीस वर्षं ती घेणारे आणि तिच्यावरच हालचाल टिकवून असणारे रुग्ण आहेत. मग ही समजूत आली कुठून? काही वर्षांनी एका गोळीचा परिणाम पुढच्या गोळीपर्यंत पुरेनासा होतो, कधी अंग आपोआप वळवळू लागतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की गोळीची ताकद संपली. बदललेला असतो तो मेंदू. घरात मोठी टाकी असेल तर नळाला दिवसातून दोनदा पाणी आलं तरी दिवस निघतो. टाकी लहान होत गेली की नळ चालू असेपर्यंतच पाणी मिळतं. सुरुवातीला मेंदूतल्या शिल्लक पेशी लेव्होडोपापासून बनलेलं डोपामाइन साठवून सावकाश वापरतात. आजार वाढतो तशा त्या पेशी आणि ती साठवण कमी होत जाते. तुम्ही गोळी घ्या किंवा घेऊ नका, टाकी लहान होतच असते.

हे तपासून पाहिलेलं आहे. २०१४ साली घाना आणि इटलीमधल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. घानात हे औषध सहज मिळत नव्हतं, त्यामुळे तिथल्या रुग्णांना ते आजार सुरू झाल्यावर सरासरी चार वर्षांनी मिळालं. इटलीत दोन-अडीच वर्षांतच मिळालं. तुमचा हिशेब खरा असता, तर घानातल्या लोकांचा त्रासही तेवढाच पुढे गेला असता. तसं झालं नाही. परिणाम मध्येच ओसरणं आणि अंग वळवळणं, दोन्ही त्रास दोन्हीकडे आजाराच्या साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास सुरू झाले. गोळीवाचून जखडलेल्या अंगाने काढलेल्या त्या वर्षांच्या बदल्यात घानातल्या रुग्णांच्या हाती काही आलं नाही. ताई, ही ओळ मी लिहिताना थांबले, कारण त्यांना गोळी मिळत नव्हती, आणि तुम्ही मिळत असलेली बाजूला ठेवताय.

२०१९ साली नेदरलँड्समधून आणखी एक अभ्यास आला. ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीपासून ८० आठवडे लेव्होडोपा दिली. उरलेल्यांना पहिले ४० आठवडे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली आणि पुढचे ४० आठवडे खरी. ८०व्या आठवड्यात दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे लवकर घेतल्याने आजार मंदावत नाही आणि बळावतही नाही. आधीच्या ४० आठवड्यांत मात्र खरी गोळी घेणाऱ्यांचं अंग मोकळं होतं.

तुमची भीती अगदीच निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पन्नाशीच्या आत पार्किन्सन्स झालेल्यांमध्ये अंग वळवळण्याचा त्रास जास्त जणांना आणि लवकर होतो, हे खरं आहे. तो मोठ्या डोसशी जोडलेला आहे, म्हणूनच जाणते डॉक्टर तरुण रुग्णाला कमीत कमी, काम भागेल एवढाच डोस देतात. तेव्हा डॉक्टरांना "आत्ता की नंतर" हे विचारत बसण्यापेक्षा "किती कमीत भागेल" हे विचारा. पुढे त्रास झालाच तर डोसची विभागणी बदलता येते, अमांटाडिनसारखं औषध जोडता येतं, आणि काही वर्षांनी योग्य रुग्णाला मेंदूत बारीक तारा बसवून विद्युत उत्तेजन देण्याची शस्त्रक्रियाही करता येते. शिवाय एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तरुणपणी आलेला पार्किन्सन्स साधारणपणे सावकाश वाढतो आणि स्मरणशक्ती, विचारशक्ती बराच काळ शाबूत ठेवतो.

लेव्होडोपा सुरू केलीत तर थोडं लक्षात ठेवा. ती कार्बिडोपासारख्या जोडऔषधासोबत मिळते, त्यामुळे मळमळ कमी होते. भरपूर प्रथिनं असलेल्या जेवणाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून जेवणापासून साधारण अर्धा तास लांब ठेवायला सांगतात. आणि मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत त्रास वाढतो का, ते पाहा. बऱ्याच जणींना तसं जाणवतं. हा आजार म्हाताऱ्यांचा समजला गेल्यामुळे पाळीबद्दल कुणी विचारत नाही. दोन-तीन महिने एका वहीत पाळीच्या तारखा, गोळीच्या वेळा, पायाची बोटं आवळण्याच्या वेळा आणि रोजची एक सही एवढं लिहून ठेवा. ती वही पुढे केलीत तर डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी जास्त कळेल.

राखून ठेवायचंच असेल, तर हालचाल राखा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१८) नव्याने निदान झालेल्या आणि अजून औषध सुरू न झालेल्या १२८ जणांपैकी एका गटाला सहा महिने आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर चांगला दम लागेल असं चालवलं. त्या गटाची लक्षणं जवळपास जिथल्या तिथे राहिली, व्यायाम न करणाऱ्यांची वाढली. आजार थांबतो असं यावरून म्हणता येणार नाही, पण व्यायाम औषधाइतकाच मनावर घ्यायला ते पुरेसं आहे. हृदयाची तपासणी करून घ्या आणि पार्किन्सन्सचे रुग्ण हाताळलेल्या फिजिओथेरपिस्टकडून सुरुवात करा. जखडलेला खांदा आणि आवळलेली बोटं घेऊन असा व्यायाम होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गोळी लांबवण्यात हेही हातचं जातंय.

पत्रात एका जागी तुम्ही विचारलंय, "या वयात मलाच का? माझं काही चुकलं का?" नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, तेव्हापासून त्याचं चित्र थरथरत्या हाताच्या वृद्ध माणसाचंच राहिलं. बहुतेकांना तो साठीच्या आसपास होतो, तेव्हा ते चित्र खोटं नव्हे, अपुरं आहे. तुम्हाला तर थरथर नव्हतीच. खांदा धरला, सही आक्रसली, पाय आवळला. त्यामुळे आठ महिने खांद्यावर गेले. खांदा दुखणं हे पार्किन्सन्सचं पहिलं लक्षण असू शकतं आणि फ्रोझन शोल्डर समजून वेळ गेलेले रुग्ण तुमच्याआधीही पुष्कळ झालेत. त्या आठ महिन्यांनी तुमचा आजार वाढवला नाही, म्हणून त्यांचा राग धरू नका.

हे वाचणाऱ्या आणखी कुणाला कमी वयात अशी लक्षणं असतील, तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वय कमी असेल तर डॉक्टर विल्सन्स डिसीज नाही ना, हे पाहतात. त्यात शरीरात तांबं साठतं, आणि वेळेवर ओळखलं तर उपचार होतात. दुसरं, काही औषधांनीही पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवरचं सिनारिझिन, डोकेदुखीसाठी महिनोन् महिने घेतलं जाणारं फ्लुनारिझिन आणि मनोविकारांवरची काही औषधं ही त्यातली. डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. पण कुठलीही गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका.

ऑफिसचं मी घाईने सांगणार नाही. सगळ्यांना सांगितलंच पाहिजे असं माझं मत नाही, नोकरी तुमची आहे आणि तिथली माणसं तुम्ही ओळखता. अमेरिकी अभिनेते मायकल जे. फॉक्स यांना १९९१ साली, वयाच्या २९व्या वर्षी हे निदान झालं आणि ते त्यांनी जाहीर केलं १९९८ मध्ये. सात वर्षं कॅमेऱ्यासमोर राहून त्यांनी ते झाकलं. पुढे २००० साली त्यांनीच या आजारावरच्या संशोधनासाठी संस्था उभी केली. तेव्हा आज गप्प राहण्याचा अर्थ कायमचं गप्प राहणं होत नाही. फक्त लपवण्याला किती ताकद लागते तेवढं मोजा. मीटिंगमध्ये तुमचं निम्मं लक्ष टेबलाखालच्या हाताकडे असतं. ताणाने ही लक्षणं वाढतात, म्हणजे लपवण्याची धडपडच हाताला आणखी अवघडून टाकते.

एकच माणूस निवडा, ज्याच्या हातात तुमच्या कामाची सोय करणं आहे आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहते. त्याला आजाराचा सगळा इतिहास ऐकवू नका. "मला एक मेंदूविकार आहे, उपचार चालू आहेत, कामाची समज शाबूत आहे, हाताने लिहिणं कमी करून कीबोर्डवर जास्त काम दिलं तर बरं होईल," एवढं पुरे. त्याआधी नोकरीचे नियम, आजारपणाच्या रजा आणि विम्याची कागदपत्रं शांतपणे वाचून घ्या. सही बदलल्यामुळे बँकेत अडचण येणार असेल तर नमुना सही आत्ताच बदलून घ्या. ही कामं त्रास वाढायच्या आधी केलेली बरी.

आता तुमची मुलगी. तुम्ही विचारलंत, किती वर्षं न सांगता निभावेल. तिने हात झोपलेला पाहिलाय. अकरा वर्षांच्या मुलीला दिसतं पण सांगितलं जात नाही, तेव्हा ती रिकामी जागा स्वतःच भरते. कधी "आई मरणार आहे" असं वाटतं, कधी "आई माझ्यावर चिडलीय म्हणून माझा हात धरत नाही" असं. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावरचे भावही कमी होतात. कदाचित तुम्ही हसलात तरी तिला ते हसू पूर्वीइतकं दिसत नसेल, आणि का दिसत नाही हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते.

न सांगण्यामागे आणखी एक भीती आहे, ती तुम्ही एका अर्ध्या वाक्यात लिहून खोडली आहे : तिलाही होईल का? पार्किन्सन्सच्या बहुतेक रुग्णांत एकच एक जनुक दोषी सापडत नाही. कमी वयात झालेल्यांत ती शक्यता थोडी जास्त असते. त्यातलं पार्किन नावाचं जनुक १९९८ साली जपानी संशोधकांनी शोधलं. त्याचा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते, एकट्या आईकडून आलेली सहसा पुरत नाही. दुसरं एक जनुक, एलआरआरके२, एका पालकाकडून येऊ शकतं, पण ते असलेल्या पुष्कळ लोकांना जन्मभर आजार होतच नाही. हवं तर तुमची स्वतःची तपासणी करा, पण आधी जनुकीय समुपदेशकांशी बोलून निकालाचं काय करणार ते ठरवा. मुलीची तपासणी आत्ता करू नका. लक्षणं नसलेल्या लहान मुलांची प्रौढपणीच्या आजारांसाठी अशी तपासणी सहसा करत नाहीत. मोठी झाल्यावर तो निर्णय तिचा.

सांगताना तिला समोर बसवून गंभीर चेहऱ्याने सांगायला नको. दोघी मिळून काहीतरी करत असताना सांगा, चालताना तर फारच चांगलं. तिनेच शब्द दिलाय, तोच वापरा : "तू म्हणालीस ना हात झोपलेला असतो, ते खरं आहे. माझ्या मेंदूत हाताला निरोप पोचवणारं एक रसायन कमी पडतं. त्याला पार्किन्सन्स म्हणतात. यात मी मरणार नाहीये, तुझ्यामुळे झालेलं नाही आणि माझ्याजवळ बसून तुला लागणारही नाही. औषध आहे, कधी हात चांगला चालेल, कधी हट्ट करेल." मग थांबा. ती कदाचित रडेल, किंवा "बरं" म्हणून दुसऱ्याच विषयावर जाईल आणि आठवड्याने झोपताना पुन्हा विचारेल. दोन्ही वेळा उत्तर द्या, आणि ठाऊक नसेल ते "पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारते" म्हणा. हे तिच्यासाठी गुपित करू नका. तिला मैत्रिणीजवळ बोलावंसं वाटलं तर बोलू द्या. त्यासाठी ऑफिसातल्या त्या एका माणसाशी आधी बोलून ठेवलंत तर बाहेरून कळण्याची धास्ती राहणार नाही.

आधी डॉक्टरांना फोन, मग कपाट, आणि लेव्होडोपाबद्दलची भेट याच महिन्यात. मुलीशी बोलायला मात्र या कशाचीच वाट पाहू नका. पुढच्या वेळी तिच्यासोबत चालताना, तिला उजव्या बाजूने चालू द्या आणि तो हात तिच्या हातात द्या.